पी.टी.चा तास कुणाचा?

(जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या माध्यमिक शाळांमधल्या शिक्षिका आणि पालक स्त्रिया यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा हा संपादित मजकूर.)



आज मला नेटबॉल या खेळाविषयी बोलायचं आहे. हे नाव तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी ऐकलं असेल, खेळ प्रत्यक्ष पाहिलेल्या मात्र थोड्याच असतील. तो कसा खेळतात ते मी सांगणारच आहे. पण त्याआधी एक प्रश्न विचारते. शाळेच्या वेळापत्रकात शारीरिक शिक्षणाचा, म्हणजे आपल्या भाषेत पी.टी.चा, जो तास लिहिलेला असतो, तो प्रत्यक्षात कुणाच्या वाट्याला येतो?

आपापली शाळा डोळ्यांसमोर आणा. पाचवी-सहावीपर्यंत मुली पळतात, लंगडी घालतात. आठवी उलटली की त्या हळूहळू कडेला सरकतात. दहावीला तर पी.टी.चा तास गणिताला नाहीतर इंग्रजीला जातो. जो उरतो त्या तासाला मुलगे बॅट-बॉल घेऊन मैदानाचा मधला भाग धरतात आणि मुली कडेच्या निंबाखाली बसतात. कुणी वही पुरी करते, कुणी मैत्रिणीची वेणी घालून देते. आणि मग आपणच म्हणतो, "मुलींना खेळायला आवडतच नाही."

हे वाक्य मला पटत नाही. भाद्रपद-आश्विनात गुलाबाई बसली की याच मुली टिपऱ्या घेऊन घरोघर जातात. आखाजीला झाडाला झोका बांधला की माहेरवाशीण तो किती उंच नेते, हे खान्देशातल्या बाईला मी काय सांगावं? खेळायची ओढ आहेच. पण सणाचं खेळणं ही दिलेली मोकळीक असते. वर्षातले ठरलेले दिवस, ठरलेलं अंगण, मोठ्यांची संमती. सासरी गेलं की तीही बहुधा संपते. वेळापत्रकातला तास मात्र कुणाची मेहेरबानी नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला खेळाचं मैदान आणि खेळाचं साहित्य असलं पाहिजे असं स्पष्ट लिहिलं आहे. सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून जास्त मुलं असतील तर आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावा, असंही त्यात आहे. तिथं "मुलगे" असा शब्द नाही. ते मैदान मुलींचंही आहे.

शाळा सुटल्यावर वेळ नाही

काही जण सुचवतात की मुलींसाठी शाळा सुटल्यावर सराव ठेवावा. सुचवणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण मुलीचा दिवस त्याने पाहिलेला नसतो. चोपडा, यावल, साक्री, शिरपूर या तालुक्यांतल्या खेड्यांतून येणाऱ्या मुली एस.टी.वर अवलंबून आहेत. मानव विकास कार्यक्रमातून मुलींसाठी ज्या बस सुरू झाल्या, त्यांनी पुष्कळ मुलींची शाळा वाचवली. पण बस ठरलेल्या वेळी सुटते. ती चुकली तर मुलगी घरी कशी जाणार? आणि उद्या तिला घरचे शाळेत पाठवतील का? गावात राहणारी मुलगी असली तरी घरी पाणी भरायचं असतं, भाकरी टाकायच्या असतात, धाकट्या भावंडाला घ्यायचं असतं. कापूस वेचणीच्या दिवसांत तर ती शाळेतच कमी दिसते. भाऊ दप्तर टाकून मैदानावर जातो, त्या वेळी ती चुलीपुढे असते.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. मुलींचा खेळ वेळापत्रकाच्या आत, पी.टी.च्या तासालाच व्हायला हवा. ज्या मुलीला दुसरा मोकळा अर्धा तास नाही, तिच्यासाठी तो एकच तास आहे. आणि तो सर्व मुलींचा असायला हवा, निवडलेल्या बारा जणींच्या संघाचा नव्हे.

हा खेळ आहे तरी कसा?

आता नेटबॉलकडे येते. प्रत्येक बाजूला सात खेळाडू. मैदान साडेतीस मीटर लांब आणि सव्वापंधरा मीटर रुंद, म्हणजे शंभर फूट बाय पन्नास फूट. आडव्या रेघांनी त्याचे तीन सारखे भाग करतात. दोन्ही टोकांना एकेक खांब, त्यावर १० फूट उंचीवर लोखंडी कडं. बास्केटबॉलसारखी मागे फळी नसते. खांबाभोवती १६ फूट त्रिज्येचं अर्धवर्तुळ काढलेलं असतं. त्याच्या आतूनच आणि दोघीच खेळाडू गोल करू शकतात, गोल शूटर आणि गोल अटॅक.

बॉल जमिनीवर आपटत पळायला परवानगी नाही. हातात आला की तीन सेकंदांच्या आत दुसरीकडे दिलाच पाहिजे. ज्या पायावर झेल घेतला तो पाय उचलला तर परत टेकवायच्या आत बॉल हातातून सुटला पाहिजे. जिच्या हातात बॉल आहे तिला अडवणारीने तीन फूट लांब उभं राहायचं. धक्का दिला, हात धरला, ढकललं की शिट्टी. जिने चूक केली तिने बाजूला उभं राहायचं आणि समोरचीने पास किंवा गोल पुरा होईपर्यंत खेळात भाग घ्यायचा नाही.

सातही जणींच्या छातीवर आपापल्या जागेची अक्षरं असतात आणि प्रत्येकीची हद्द ठरलेली असते. गोल शूटर आपल्या गोलच्या भागाबाहेर येऊ शकत नाही. गोल कीपर तिच्या उलट टोकाला. सेंटर सगळीकडे फिरते, पण अर्धवर्तुळांच्या आत तिला जागा नाही. बाकीच्यांची हद्द यांच्या अधेमधे.

या नियमांचा परिणाम वर्गात काय होतो ते पाहा. ज्या खेळात बॉल घेऊन पळता येतं, तिथं दोन तरबेज मुली सगळा तास खेळतात आणि बाकीच्या त्यांच्या मागे धावतात. इथं कितीही तरबेज मुलगी असली तरी तीन सेकंदांत तिला दुसरीची गरज पडते. गोल कीपरपासून गोल शूटरपर्यंत बॉल एकटीने नेताच येत नाही. जी मुलगी जाड म्हणून, सावकाश म्हणून, लाजाळू म्हणून नेहमी मागे राहते, तिच्याही हद्दीतून बॉल जातो आणि तिला तो झेलावा लागतो.

इथं शिक्षिकेचं लक्ष हवं. बॉल कुणाला मिळत नाही ते मोजा. अगदी कागदावर खुणा करा. वस्तीवरून येणारी, आश्रमशाळेतून नव्याने आलेली, पावरी किंवा भिली बोलणारी मुलगी मोकळी उभी असून तिला पास मिळत नसेल, तर ती खेळातली चूक नाही. गावात जे चालतं तेच मैदानावर आलेलं आहे. डब्याच्या वेळी कोण कुणाशेजारी बसतं हे आपल्याला दिसतं, पण त्यावर बोलणं अवघड जातं. खेळात ते बोलता येतं, कारण मोकळ्या खेळाडूला पास दिला नाही तर संघ हरतो, हे मुलींना स्वतःलाच दिसतं.

आणखी एक. हातात बॉल असताना माझ्या तीन फुटांच्या आत कुणी येऊ नये, आलं तर शिट्टी वाजेल, हा अनुभव आपल्या मुलींना दुसरीकडे कुठं मिळतो? एस.टी.च्या गर्दीत नाही, बाजारात नाही. तीन फुटांचा नियम शिकवताना याही गोष्टी बोलल्या जाव्यात.

इतिहास आणि एक शंका

हा खेळ मुळात मुलींच्या शाळांमधूनच आला. १८९१ मध्ये अमेरिकेत जेम्स नेस्मिथ यांनी बास्केटबॉल तयार केला. १८९३ मध्ये लंडनजवळ हॅम्पस्टेड इथं मार्टिना बर्गमन-ऑस्टरबर्ग या स्वीडिश बाईंनी आपल्या शारीरिक शिक्षण कॉलेजातल्या विद्यार्थिनींना त्याचा एक प्रकार शिकवला. त्या वेळी कड्याऐवजी भिंतीवर टांगलेल्या टोपल्या होत्या. पुढे टोपल्यांच्या जागी कडी आली, खेळ बदलत गेला आणि १९०१ मध्ये इंग्लंडमध्ये त्याचे नियम छापले गेले. या कॉलेजातून शिकलेल्या बाया मुलींच्या शाळांत शिक्षिका झाल्या आणि त्यांच्याबरोबर खेळ पसरला. घोळदार झग्याऐवजी खेळायला सैल, आखूड पोशाख, हाही बदल त्याच कॉलेजातून पुढे आला. १९६० मध्ये श्रीलंकेत पाच देशांच्या प्रतिनिधी जमल्या आणि त्यांनी सगळीकडे सारखे नियम असावेत असं ठरवलं. १९९८ पासून राष्ट्रकुल स्पर्धेत नेटबॉल आहे. २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत भारताचा महिला संघ खेळला, प्राची तेहलान त्याची कर्णधार होती. त्याच स्पर्धेत नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतने १० हजार मीटर शर्यतीत ब्राँझ पदक मिळवलं, ते आपल्याकडे सगळ्यांना आठवतं.

आता शंका. तीन सेकंद, ठरलेली हद्द, धक्का नाही, फार पळायचं नाही, हे नियम बायकांचं शरीर नाजूक आहे या समजुतीतून आलेले नाहीत का? काही प्रमाणात होय. त्या काळात बायकांनी घामाघूम होणं असभ्य मानलं जाई आणि मुलींचे खेळ सौम्य ठेवले जात. हे आपण लपवू नये. "मुलींसाठी सभ्य खेळ" म्हणून कुणी मुख्याध्यापक नेटबॉल आणत असतील आणि त्याच वेळी मुलींची कबड्डी बंद करत असतील, तर आपण कबड्डीच्या बाजूने उभं राहायचं. ज्या शाळेत मुली कबड्डी, खो-खो खेळतात तिथं तो खेळ आधी. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक भारताच्या महिला संघाने जिंकला. कर्णधार प्रियांका इंगळे आपल्या महाराष्ट्राची. मातीतल्या खेळाची ताकद कमी लेखायचं काहीच कारण नाही.

पण मी बोलते आहे ती निंबाखाली बसलेल्या मुलींबद्दल. ज्या मुलीला नववीत आल्यावर "आता कबड्डी पुरे" असं घरी सांगितलं गेलं, जिने आयुष्यात बॉल झेललेला नाही, तिला पुन्हा मैदानावर आणायला नेटबॉल हे दार म्हणून चांगलं आहे. शिवाय हा खेळ दिसायला सौम्य वाटला तरी चांगला खेळला गेला की अतिशय वेगवान होतो. आणि त्याच्या इतिहासात एक गोष्ट आपल्या कामाची आहे. हा खेळ बायकांनी चालवला. नियम त्यांनी लिहिले, पंच त्या झाल्या, संघटना त्यांनी बांधल्या. आपल्या शाळेतही शिट्टी मुलीच्याच हातात द्या. चौदा जणी धावत असताना शिट्टी वाजवून "थांबा, ही चूक आहे" असं ठामपणे सांगणं हे भाषण स्पर्धेपेक्षा मोठं शिक्षण आहे.

खेळातून असं काम आपल्या देशात झालेलं आहे. २००६ मध्ये दिल्लीत नाझ फाउंडेशनने "गोल" नावाचा कार्यक्रम सुरू केला. वस्त्यांमधल्या किशोरी नेटबॉल खेळत आणि त्याला जोडून आरोग्य, बोलण्याचं कौशल्य, पैशाचा व्यवहार, हक्क यांवर सत्रं होत. नंतर तो मुंबईतही आला. तिथं एका बँकेचं पाठबळ होतं. आपल्यापाशी ते नाही, पण शाळा आहे, तास आहे आणि तुम्ही आहात.

साठ मुली, पस्तीस मिनिटं

व्यवहाराचं बोलू. खर्च किती? खांबासाठी बांबू चालतो. केळीच्या बागांना टेकू देणारे बांबू रावेर-यावलकडे सगळ्यांच्या ओळखीचे आहेत. फक्त तो पक्का रोवायचा आणि डोलणार नाही हे पाहायचं. १५ इंच व्यासाचं कडं गावातला वेल्डिंगवाला सळईपासून करून देतो. शाळेत बास्केटबॉलचे खांब असतील तर उंची तीच आहे, कडं थोडं मोठं आहे इतकंच. नेटबॉलचा चेंडू आकाराने आणि वजनाने पाच नंबरच्या फुटबॉलइतका असतो, तेव्हा सुरुवातीला फुटबॉल घ्या. लहान मुलींना व्हॉलीबॉल द्या. रेघा चुन्याच्या फक्कीने मारा. पूर्ण मैदान नसेल तर अर्ध्यावर खेळा. छातीवरची अक्षरं जुन्या कापडावर मुलीच शिवतील, आणि ती मराठीत लिहिली तरी काही बिघडत नाही.

वर्गात साठ मुली असतात, तास पस्तीस मिनिटांचा. सगळ्यांना एकदम खेळवता येत नाही. मग चार गट करा. चौदा जणी प्रत्यक्ष खेळतील. दुसरा गट जोड्या करून पास देईल-घेईल. छातीपासून सरळ पास, टप्पा देऊन पास, डोक्यावरून लांब पास, हे तीन पुरेत. तिसरा गट कड्यात बॉल टाकायचा सराव करेल. चौथा गट पंच, गुणलेखक आणि वेळ पाहणाऱ्यांचा. दर आठ मिनिटांनी गट बदला. खऱ्या सामन्यात पंधरा-पंधरा मिनिटांचे चार डाव असतात, ते आपल्याला सध्या नकोत. पहिले दोन-तीन आठवडे गोलसुद्धा नकोत. गोलात उभं राहून नाव घेत बॉल द्यायचा, तीन सेकंद मोठ्याने मोजायचे, इतकंच करा. झेलता आलं की भीती जाते. हद्दीचे नियम त्यानंतर. आणि जागा दर तासाला बदला. उंच मुलगी कायम शूटर आणि सावकाश मुलगी कायम कीपर, असं ठरवून टाकू नका.

मुलग्यांनाही शिकवा. नाहीतर "हा पोरींचा खेळ" म्हणून हसणं सुरू होईल. आधी मुलींचा हात बसू द्या, मग मुलग्यांना बोलवा आणि शिकवायला मुलींनाच पुढे करा.

घरच्यांना काय सांगायचं?

पहिली अडचण कपड्यांची. सलवार-कमीज आणि पिना लावलेली ओढणी घेऊन झेल घेता येत नाही. पी.टी.च्या तासाला ओढणी नको, हा ठराव शाळेच्या व्यवस्थापन समितीत पालक मातांनी स्वतः मांडावा. सैल टी-शर्ट आणि ट्रॅक पँट यांवर सहसा कुणाचा आक्षेप नसतो. बाहेरची मुलं कुंपणाला टेकून बघत उभी राहतात, ही दुसरी तक्रार. ती खरी आहे. पण त्यावर उपाय बघणाऱ्यांना हटवणं हा आहे, मुलींना वर्गात कोंडणं हा नाही. १९९४ मध्ये जळगावचं वासनाकांड उघडकीला आलं तेव्हा राज्यभरातल्या स्त्री संघटना रस्त्यावर आल्या. अशा प्रत्येक घटनेनंतर गुन्हा करणारे बाजूला राहतात आणि पहारा मुलींवर बसतो. तो पहारा शाळेने तरी बसवू नये.

ऊन ही आपल्याकडची खरी अडचण. मार्चनंतर सकाळची शाळा झाली की पी.टी.चा तास पहिला किंवा दुसरा ठेवा. उन्हाचा पारा ४२-४४ वर असताना दुपारी खेळवणं हा अविचार आहे. पिण्याचं पाणी मैदानाजवळ हवं. ज्या मुलीला चक्कर येते तिला "नाटक करते" म्हणू नका, तिच्या अंगात रक्त कमी असेल. शाळेत दर आठवड्याला लोहाच्या गोळ्या द्यायच्या असतात, त्या खरंच घेतल्या जातात का ते पाहा. पाळीत खेळायचं की नाही हे मुलीने ठरवावं. मात्र त्यासाठी शाळेत पाणी असलेलं, आतून कडी लागणारं स्वच्छतागृह हवं. खेळाचा तास मागताना हेही मागा.

आणि उंची. "पोरगी ताडासारखी वाढली, आता नवरा कुठून आणू?" हे आपण किती वेळा ऐकलं आहे! श्रीलंकेत जाफना भागातली तर्जिनी शिवलिंगम ही सहा फूट दहा इंच उंचीची खेळाडू जगातल्या नामवंत नेटबॉल शूटरमध्ये गणली गेली आणि तिच्या संघाने आशियाचं अजिंक्यपद मिळवलं. उंच मुलीच्या आईला हे जरूर सांगा.

शेवटी

दोन गोष्टी सांगून थांबते. स्पर्धा, गुण, नोकरी यांचं आमिष आधी दाखवू नका. दहावी-बारावीला खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात, सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, हे खरं. पण कोणता खेळ आणि कोणत्या स्पर्धा त्यासाठी धरल्या जातात हे बदलत असतं. त्या वर्षीचं परिपत्रक जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयातून घ्या आणि मगच मुलींना शब्द द्या. खोटी आशा लागली की मुलगीही खचते आणि घरचेही पुढच्या वेळी ऐकत नाहीत.

दुसरी गोष्ट. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या सुमारे २२ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं दिसलं. धुळे जिल्ह्याचं प्रमाण त्याहून बरंच जास्त आहे. २०११ च्या जनगणनेत लहान मुलींच्या प्रमाणात जळगाव जिल्हा राज्यातल्या तळाच्या जिल्ह्यांमध्ये होता. एक खेळ आणला म्हणून हे आकडे बदलतील असं मी म्हणणार नाही. पण नववीतली मुलगी शाळेत का येते, याला पुस्तकाशिवाय आणखी एक कारण असलं तर बिघडलं कुठं? शुक्रवारी आपला सामना आहे, सेंटरला आपण आहोत, आपण नाही गेलो तर सहाच उरतील, असं तिला वाटलं पाहिजे. ती आली नाही तर बाकीच्या सहा जणी तिच्या घरी विचारायला जातील. लग्न ठरल्याची कुजबुज बाईंच्या कानावर अशाच मैत्रिणी घालतात, आणि वेळेवर घालतात.

तेव्हा आल्यासारखं एक काम करून जा. उद्या शाळेत गेल्यावर वेळापत्रक पाहा. पी.टी.चे तास किती आहेत, मागच्या महिन्यात त्यातले किती झाले आणि मुली मैदानाच्या कोणत्या भागात होत्या, हे वहीत लिहा. ती वही घेऊन मुख्याध्यापकांकडे दोघी-तिघी मिळून जा. तास मिळाला की चुना आणि बांबू मिळायला वेळ लागत नाही.